बाबनरावांनी गाडीला बांधलेली गादी

बाबनराव हेडाऊ कोणतेही कापड हातात घेतले की आधी ते उलटे करून बघत. लग्नात मिळालेला शेला असो, बाजारातला पंचा असो, नाहीतर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या सदऱ्याची बाही असो, मागची बाजू तपासल्याशिवाय ते पुढच्या बाजूबद्दल मत देत नसत. समोरून सगळेच विणकर चांगले दिसतात, असे ते म्हणत. गाठ कुठे मारली, धागा कुठे तुटला, कंटाळा कुठे आला, हे मागून कळते.

म्हणून १९५४च्या हिवाळ्यात एका सकाळी ते दवाखान्याच्या गाडीमागे उकिडवे बसून तिची पाठ न्याहाळताना दिसले, तेव्हा गल्लीतले लोक हसले, तरी मला त्याचे नवल वाटले नाही. मी त्या वेळी नागपूरच्या तांडापेठेतल्या प्राथमिक शाळेत शिकवीत होतो आणि बाबनरावांच्या घरासमोरच्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. त्यांचे वय पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, थोडे वाकलेले, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. रेशमी काठाची लुगडी विणण्यात त्यांचा हात धरणारे आमच्या गल्लीत दोघेच होते, आणि ते दोघेही हे कबूल करीत.

ती गाडी एका धर्मादाय संस्थेची होती. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली एक जीप संस्थेने घेतली आणि तिच्या मागच्या भागावर पत्र्याची, पेटीसारखी एक खोली बसवून घेतली. खोलीला मागून दार, आत दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर औषधाच्या बाटल्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास ती गल्लीत येई आणि निंबाखालच्या ओट्याजवळ थांबे. इंदुताई नावाच्या नर्स आपल्या घरून सायकलने थेट ओट्यावर येत, तासभर लोकांचे कान, डोळे, खोकले, जखमा बघत, आणि मग गाडीतून पुढच्या पेठेत जात.

या गाडीची सगळ्यांत जास्त गरज बाबनरावांच्याच घरी होती. त्यांच्या पत्नी जनाबाई दोन वर्षांपूर्वी विहिरीवर घसरल्या. खुब्याचे हाड वाकडे जुळले, पाय फरपटू लागला आणि फरपटून टाचेला जखम झाली ती भरेना. आठवड्यातून दोनदा ती धुऊन पट्टी बांधावी लागे. घरापासून ओटा वीस पावलांवर होता. भिंतीला हात लावत जनाबाई तेवढे अंतर जात. गल्लीच्या तोंडाचा चौक मात्र तीनशे पावलांवर. गाडी बिघडली होती तेव्हा एकदा बाबनरावांनी त्यांना शेजाऱ्याच्या ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, बसवून मोठ्या दवाखान्यात नेले होते. परत आल्यावर त्या काय म्हणाल्या ते मी माझ्या खोलीतून ऐकले.

"मी काय तुरीचं पोतं आहो का? साऱ्या पेठेनं पाह्यलं मले. आता पाय सडला तरी चालंल, त्या ठेल्यावर मी बसत नाही."

जनाबाई बोलून मोकळ्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. बोललेले करीत.

आता गल्लीबद्दल सांगायला हवे. विणकरांच्या वस्तीत रस्ता हा जाण्यायेण्यासाठी असतो तसाच तो कामासाठीही असतो. लुगड्याचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी पन्नास-साठ हात लांब ताणून धरावा लागतो आणि त्याला ज्वारीच्या पिठाची खळ पाजावी लागते. तेवढी जागा घरात कुठून येणार? म्हणून सकाळी गल्लीभर ताणे पसरलेले असत. बायका आणि पुरुष दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवीत चालत. ताण्यावरून कोणी उडी मारत नसे, त्याखालून कोणी वाकून जात नसे. लग्नाची वरात आली तरी तिला वळसा घालावा लागे. ओट्याच्या पलीकडे अशी सगळी गल्ली भरलेली असल्यामुळे दवाखान्याच्या गाडीला पुढून बाहेर पडता येत नसे. आली तशीच तिला मागे मागे चौकापर्यंत जावे लागे.

आणि त्या वाटेवर, वाकणावर, म्हणजे गल्ली वळते तिथे, एक खुंट होता. कमरेएवढा काळा दगड. बाबनरावांच्या आजोबांच्याही आधी कोणीतरी पुरलेला. गल्लीच्या अलीकडच्या भागातल्या बारा घरांचे ताणे त्यालाच बांधले जात. दोऱ्या घासून घासून त्याच्या अंगावर बोटभर खोल चऱ्या पडल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी लोक गाडी जाईपर्यंत थांबत आणि मग ताणा बांधत, एवढी सोय त्यांनी करून दिली होती. खुंट काढायचा विषय मात्र कोणी निघू देत नसे. खुंट काढला तर बारा घरांनी ताणा कशाला बांधायचा?

गाडी चालवणारा ताराचंद सिंधमधून आलेला, जरीपटक्यात राहणारा, पस्तिशीचा माणूस होता. लढाईत त्याने ब्रह्मदेशाच्या डोंगरात ट्रक चालवले होते, आणि ते तो विसरू देत नसे. गाडीच्या मागे पेटी असल्यामुळे त्याला मागचे काही दिसत नसे, पण मागे उभे राहून कोणी "येऊ दे, येऊ दे" म्हटलेले त्याला खपत नसे. एकदा बाबनराव तसे उभे राहिले तेव्हा त्याने खिडकीतून डोके बाहेर काढून सांगितले, "बाबनराव, मेरेको मत सिखाओ. तुमच्या गल्लीपेक्षा अरुंद रस्त्यावर मी तोफ ओढून नेली आहे."

"तोफेले मागं जावं लागत नव्हतं ना गा," बाबनराव म्हणाले.

दोन वेळा गाडीची पाठ खुंटाला लागली आणि पत्रा चेपला. तिसऱ्या वेळी धक्का जोरात बसला. फळीवरची जांभळ्या औषधाची मोठी बाटली आत फुटली, आणि गाडीच्या मागच्या फटीतून ते औषध चौकापर्यंत ठिबकत गेले. पुढे आठ दिवस गल्लीत जांभळ्या ठिपक्यांची ओळ दिसत होती. पुढच्या सोमवारी इंदुताईंनी ओट्यामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. बाबनरावांनी तो मला वाचून दाखवायला सांगितला. संस्थेचे व्यवस्थापक गोपाळराव यांची सही होती. गाडीच्या पाठीस पुन्हा इजा झाल्यास गाडी गल्लीत येणार नाही, चौकात उभी राहील, असे त्यात लिहिले होते.

बाबनरावांनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला. मग घरात न जाता ते सरळ वाकणावर गेले आणि खुंटाभोवती फिरले. संध्याकाळी मला विचारले, "गुरुजी, शाळेत गेरू आहे का?"

शाळेच्या कुंड्या रंगवून उरलेला गेरू होता. गुरुवारी सकाळी त्यांनी तो पाण्यात कालवून खुंटाच्या वरच्या भागाला जाड फासला. गाडी कुठे लागते ते त्यांना बघायचे होते. ताराचंद म्हणत असे ती लागतच नाही, लोक म्हणत ती सगळीकडे लागते. बाबनरावांचा दोघांवरही विश्वास नव्हता. त्या दिवशी जाताना गाडी खुंटाला नुसती घासून गेली. पत्रा चेपला नाही, पण रंग लागला.

सोमवारी गाडी आली तेव्हा तिच्या मागच्या कडीला लिंबू आणि सात मिरच्या टांगलेल्या होत्या. ताराचंद गंभीर होता. कोणीतरी गाडीच्या पाठीला कुंकू लावले, असे त्याने खालच्या आवाजात इंदुताईंना सांगितले. त्याची आई फार घाबरली होती आणि तिनेच हे लिंबू बांधायला लावले होते. बाबनरावांनी पाठीमागे बसून तो लाल डाग वीत लावून मोजला, जमिनीपासून दीड हात आणि चार बोटे, डाव्या बाजूला, आणि मग सांगून टाकले की कुंकू नाही, गेरू आहे, आणि तो आपणच लावला. ताराचंद त्यांच्याशी तो पूर्ण दिवस बोलला नाही. लिंबू मात्र त्याने काढले नाही.

जागा कळल्यावर बाबनराव कामाला लागले. विणून उरलेल्या ताण्याची तुटकी टोके प्रत्येक घरी गाठोड्यात पडलेली असतात. ती त्यांनी जमा केली, पीळ देऊन अंगठ्याएवढे दोर केले, अंगणात चार खुंट्या ठोकून त्यांवर ते उभे-आडवे विणले आणि मध्ये नारळाचा काथ्या भरला. दोन हात रुंद, एक हात उंच, वीतभर जाड अशी ती गादी झाली. पंधरा दिवस लागले, कारण दिवसा माग सोडता येत नव्हता. मी विचारले की नुसते पोते गुंडाळून बांधले तर नाही का चालणार? त्यांनी माझ्याकडे पाहिले. पोते चार दिवसांत उसवते, म्हणाले, आणि मग तिथे काही आहे असे समजून माणूस ठोकर मारतो.

शेवटी त्यांनी गादीला खळ पाजली. जनाबाईंनी मोठ्या पातेल्यात ज्वारीचे पीठ शिजवले, त्यात थोडे मीठ आणि तेलाचा हात, जशी ताण्याला करतात तशीच. ती चांगली मुरेपर्यंत चोळून बाबनरावांनी गादी उन्हात टाकली. पाजलेले सूत दाटून बसते, फुलत नाही, तुटत नाही. त्यांच्या घराण्यात बिनपाजणीचे काही मागाबाहेर गेले नव्हते.

इंदुताईंनी परवानगी दिली, लिंबू एका बाजूला सरकवले गेले आणि गादी गाडीच्या पाठीला घट्ट बांधली गेली. ताराचंदने तिला गाडीचे लुगडे म्हटले. लोकांनाही ते नाव आवडले. पण पुढचे तीन आठवडे गाडी येत राहिली, जात राहिली, दोनदा खुंटाला लागली आणि पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही. जनाबाई ओट्यावर बसून पट्टी बांधून घेत आणि गाडी वाकणावर पोहोचेपर्यंत मान वळवून बघत राहत.

मग एका सोमवारी बाबनरावांच्या लक्षात आले की गादी अंगाने उतरली आहे. डावा कोपरा विरळ दिसत होता. गुरुवारी तो आणखी विरळ झाला. त्यांनी तो शिवला. पुढच्या सोमवारी शिवण नव्हती आणि कोपराही नव्हता.

गल्लीत तर्क सुरू झाले. कोणी म्हणे संस्थेच्या गाडीखान्यात उंदीर आहेत. कोणी म्हणे धक्क्याने झिजते. बहुतेकांचा संशय ताराचंदवर होता, कारण लुगडे म्हणून हिणवणारा तोच होता; त्याला अपमान वाटतो, तोच रात्री दोर उपसत असेल, असे लोक उघड बोलू लागले. जनाबाईंचे मत विचारले तर त्या म्हणाल्या की गाडी चालवणाऱ्याला गादी उपसायला वेळ असता तर त्याने आधी गाडी धुतली असती.

बाबनराव कोणाचेच ऐकत नव्हते. पण त्यांचे काही ठरण्याआधीच, त्याच्या पुढच्या सोमवारी, घडायचे ते घडले. गादीचा डावा निम्मा भाग गेलेला होता. बाबनराव त्या सकाळी सूत आणायला गेले होते. ताराचंदने नेहमीसारखी, गादी आहेच या विश्वासाने, गाडी मागे घेतली, आणि नेमका डावा भाग खुंटावर बसला. मागच्या दिव्याची काच फुटली.

इंदुताई ओट्यावरून उठून आल्या. हे कळवावे लागेल, म्हणाल्या, मला खोटे सांगता येणार नाही. गुरुवारी बहुतेक गोपाळराव स्वतः येतील. त्यांनी जनाबाईंकडे बघणे टाळले.

बाबनराव परतले तेव्हा चौकात ताराचंद गाडीशी उभा होता, जायला धजत नव्हता. त्यांनी उरलेली गादी सोडून घेतली आणि माझ्या खोलीच्या पायरीवर, उजेडात, मांडीवर उलटी धरली. मी आणि ताराचंद दोन बाजूंना. बाबनरावांनी एकेक टोक बोटांत धरून पाहिले. कापलेला धागा सरळ तुटतो, म्हणाले. झिजलेला धागा केसाळ होऊन तुटतो. हे टोक चिरडलेले आहे, चपटे, आणि एकमेकाला चिकटलेले. त्यांनी दोरांत अडकलेला एक आखूड तांबडा केस काढला. मग मुळ्याच्या पानाचा एक सुकलेला तुकडा. मग, माझ्या देखत, त्यांनी गादीला जीभ लावली.

ते एकदम हसू लागले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

"गुरुजी, हे तर आंबील झालं. ज्वारी, मीठ, तेल. म्या गाडीच्या मागं आंबिलीचं ताट बांधून देल्लं. गायनं खाल्लं नसतं तरच नवल होतं."

हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते, कारण साऱ्या गल्लीत ताणे खळ पाजूनच वाळत टाकले जात. पण ताण्याजवळ सदैव दोन माणसे कुंचे घेऊन उभी असतात. गाडीमागे कोण उभे राहणार? राहिला प्रश्न, गाय भेटते कुठे. गल्लीत गाडी उभी असते तेव्हा पन्नास डोळे तिच्याकडे असतात. बाबनरावांनी मुळ्याचे पान ताराचंदपुढे धरले आणि भाजीबाजार कुठे लागतो, एवढेच विचारले.

ताराचंदने सांगितले, पण तुकड्या-तुकड्यांनी. त्याच्या आईला जवळजवळ दिसत नाही. कामाच्या दिवशी तो पहाटे निघतो. म्हणून गल्लीत येण्याआधी तो गाडी जरीपटक्याच्या बाजारात दहा मिनिटे उभी करतो, खोलीवर जातो, आईला चहा-पाव देतो, चुलीतला विस्तव विझला आहे ना ते बघतो आणि येतो. संस्थेला हे माहीत नाही. वाटेत गाडी थांबवायची नाही असा नियम आहे. कळले तर नोकरी राहणार नाही.

"किती दिवसांपासून?" बाबनरावांनी विचारले.

"जब से ये गाडी मिली."

बाबनरावांनी गादी गुंडाळली आणि त्याला जायला सांगितले.

त्यांच्याकडे तीन दिवस होते. या वेळी त्यांनी मागावरचे लुगडे अर्धवट सोडले. असे त्यांनी कधी केल्याचे मी पाहिले नव्हते. जनाबाई उंबऱ्यात पाय लांब करून दोर वळायला बसल्या. मग समोरच्या घरातल्या दोघी आल्या, मग बारा घरांपैकी जवळजवळ सगळीच, कारण गाडी चौकात गेली तर मागोमाग खुंट काढायचीही भाषा होईल, हे त्यांना कळत होते. घरोघरची उरलेली टोके आली. लाल, हिरवी, वांगी रंगाची, पिवळी. दोर रंगीबेरंगी झाले.

बुधवारी गादी विणून झाली, आणि तिथे बाबनराव अडले. गादी अंगणात पडली होती आणि ते तिच्याभोवती फिरत होते. खळ पाजायची नाही हे ठरलेले होते. पण न पाजता सूत बाहेर द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. ते दोनदा गादी उचलून आत घेऊन गेले आणि दोनदा बाहेर घेऊन आले. मोरचूद घातलेल्या खळीला कीडसुद्धा तोंड लावत नाही, असे कोणी सुचवले; ते म्हणाले, गाय मरंल. आणि विषय संपवला. शेवटी जनाबाईंनीच दिव्यासाठी ठेवलेली करंजाच्या तेलाची बाटली पुढे सरकवली. ते तेल इतके कडू असते की जनावर तोंड लावत नाही, आणि त्याचा वास माणसालाही सोसत नाही. तेल चोळताना बाबनराव गादी दाबून बघत होते. एकदा, दोनदा, मग गुडघा टेकून. मला बोलावून त्यांनी जुनी गादीही दाबायला लावली. जुनी लाकडासारखी टणक होती. नवी दबत होती आणि परत वर येत होती.

"पाह्यलं का? खळीनं ती ताठ झाली होती," ते म्हणाले. "धक्का पत्र्याले लागत नव्हता, पण आत बाटल्यांपर्यंत जात असंल. गाय खाती न होती तर मले कळलंच नसतं."

गुरुवारी गोपाळराव सायकलने आले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. बारीक, काटेकोर माणूस. वाईट नव्हते. त्यांनी फुटलेला दिवा पाहिला, चेपलेला पत्रा पाहिला आणि इंदुताईंना सांगितले की पुढच्या सोमवारपासून गाडी चौकातच उभी करा. बाबनराव नवी गादी घेऊन पुढे झाले. गोपाळरावांनी नाकाला रुमाल लावला. पहिल्या गादीचे काय झाले, त्यांनी विचारले. गाईने खाल्ली, हे ऐकून त्यांनी रुमाल खाली घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल दिसले.

"गाय? कुठे भेटली गाय?"

ताराचंद खाली बघत होता.

"नागपुरात गाय कुठं भेटत नाही जी?" बाबनराव म्हणाले. "चूक गाईची नाही अन् ड्रायव्हरचीही नाही. म्या गादीले खळ पाजली. बापानं शिकवलं तसं पाजत गेलो, विचार केला नाही. तिच्यापुढं जेवण वाढलं मीच."

मग त्यांनी एकच मागणी केली. गादी बांधू द्या आणि गाडी खुंटाला लावून बघा. काही झाले तर आपण स्वतः ही गादी विहिरीत टाकू.

गोपाळरावांनी थोडा विचार केला. त्यांनी इंदुताईंना जांभळ्या औषधाची बाटली फळीवर ठेवायला सांगितले. बूच काढून ठेवा, म्हणाले. आणि सगळ्यांना वाटले होते की आता ते बाजूला उभे राहतील, तर ते धोतर सावरून गाडीच्या पेटीतच चढले. मागे काय होते ते आतून बघितल्याशिवाय कळत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बाबनरावांना ते फार पटले.

ताराचंद गाडीत बसला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि, आमच्या गल्लीने कधी न ऐकलेले, म्हणाला, "बाबनराव, पीछे खडे रहो. बोलो मुझे."

बाबनराव खुंटाजवळ उभे राहिले. येऊ दे. येऊ दे. अजून हातभर. गाडी मागे आली आणि खुंटावर बसली. काही वाजले नाही. ओल्या मातीत पाय ठेवावा तसा आवाज आला. रंगीत दोर दबले, गाडी थोडी पुढे ढकलली गेली आणि थांबली.

दार उघडले. गोपाळराव खाली उतरले. बाटली त्यांच्या हातात होती, शाबूत. पण उजव्या बाहीवर दोन जांभळे थेंब होते. ते त्या थेंबांकडे बघत उभे राहिले. बाबनराव पुढे झाले, आणि त्यांनी न विचारता गोपाळरावांची बाही धरून उलटी केली.

"मागंही उतरलं जी," ते म्हणाले. "हे निघणार नाही."

इंदुताईंनी डोळे मिटले. गोपाळरावांनी बाही सोडवून घेतली.

"सदरा माझा आहे," ते म्हणाले. "गाडी संस्थेची. गाडीला काही झालं का, ते बघा."

बाबनराव उकिडवे बसले. त्यांनी गादी वर उचलून पत्र्यावरून बोट फिरवले, दीड हात आणि चार बोटांवर, आणि मग सगळीकडे.

"नाही जी."

"मग सोमवारी ओट्यावरच येईल," गोपाळराव म्हणाले आणि सायकलकडे वळले.

कोणी काही बोलण्याआधी ओट्यावरून जनाबाईंचा आवाज आला. त्या तासभर पाय पुढे करून बसल्या होत्या. "झालं असंल तं या वं बाई आता," त्या इंदुताईंना म्हणाल्या. "माही पट्टी कोण बांधंल?"

गाडी त्यानंतर पाच वर्षे गल्लीत येत राहिली. जनाबाईंची टाच पुढच्या पावसाळ्यानंतर भरली, पण सोमवारी, गुरुवारी ओट्यावर येऊन बसायची सवय त्यांनी सोडली नाही. बाबनराव दर दसऱ्याला गाडीला नवी गादी बांधत, करंजाच्या तेलाची. जरीपटक्यालाही रुग्ण आहेत हे इंदुताईंनी संस्थेला पटवून दिले आणि गाडीला तिथे थांबायची रीतसर वेळ मिळाली. त्याआधी ती तिथे किती काळ आणि का थांबत होती, हे इंदुताईंनी ताराचंदला विचारले नाही.

अर्धी खाल्लेली पहिली गादी बाबनरावांनी टाकली नाही. मागाच्या पाठीमागच्या भिंतीवर, खाल्लेली बाजू बाहेर करून, टांगून ठेवली. नवा पाहुणा आला की ते त्याला ती दाखवत आणि विचारत की गाय बरोबर इथेच काहून थांबली असेल? पुढे तीच खळ होती, तेच मीठ. मग इथवरच का? त्यांनी यावर फार विचार केला होता. खळ तिथे पातळ पडली असेल, काथ्या दाताला लागला असेल, असे चार-पाच तर्क ते स्वतःच मांडत आणि स्वतःच खोडत.

जनाबाई चुलीपासून ऐकत असत. त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"ताराचंदनं गाडी चालू केली म्हणून."